पाहुण्यांचं टोपडं

"किती महिने?"

कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या मुलीनं हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात क्रोशाची सुई होती, मांडीवर पिवळ्या लोकरीचा गुंडा होता आणि सुईला चार बोटं लांबीची एक बाही लटकत होती. बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीसारखी ठाण मांडून बसलेली. म्हणजे उतरून पळून जायचीही सोय नाही!

"कसले महिने?" मी विचारलं.

तिनं बाहीकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे. मग अगदी समजूतदार हसली. "सांगायचं नसेल तर राहू दे. पहिले तीन महिने सांगत नाहीतच."

पुढचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ऑफिसमध्ये ई-मेलपेक्षा वेगानं काही पसरत असेल, तर ही असली बातमी. बुधवारी पॅन्ट्रीतल्या काकांनी न मागता कॉफीऐवजी दूध पुढे केलं. गुरुवारी टीम लीडनं पुढच्या वर्षीच्या रिलीजच्या यादीतून माझं नाव हळूच खाली सरकवलं. आणि शुक्रवारी एचआरमधली मैत्रीण कानाशी लागून म्हणाली, "सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते हं, टेन्शन घेऊ नकोस."

शेवटी मी जाहीर करून टाकलं. बाळ आहे. उंची चाळीस सेंटिमीटर, वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम. डोकं आणि हात-पाय प्लॅस्टिकचे, पोट कापसाचं. तुळशीबागेतून आणलंय, घासाघीस करून. आणि ते माझं नाही, माझ्या आत्याचं आहे. आत्याचं वय शहात्तर.

यावर सगळे गप्प झाले. थट्टा करावी की वाईट वाटून घ्यावं, हे कुणाला कळेना. त्यांचं चुकलं नाही. आमच्या घरातही पहिले पंधरा दिवस हेच चाललं होतं.

*

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँकांच्या शाखा वाढल्या, आणि १९७३ साली आत्या एका बँकेत चिकटली. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही. आम्हा भावंडांना व्याज, हप्ता आणि 'सही करण्याआधी वाच' या तीन गोष्टी तिनं शिकवल्या. आणि घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये, बँकेत कुणाकडेही बाळ झालं की बाळंतविडा आत्याचा, हे ठरलेलं. अंगडं, टोपडं, मोजे आणि एक चौकोनी शाल. सगळं क्रोशाचं, सगळं स्वतःच्या हातचं.

बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव ठेवण्याचा मानही आत्याचाच असतो. माझं नाव तिनंच ठेवलंय. आई-बाबांनी दुसरं काहीतरी ठरवलं होतं म्हणे, पण ही ऐनवेळी कानाशी वाकली आणि भलतंच नाव सांगून मोकळी झाली!

गेल्या चार वर्षांत तिचा स्मृतिभ्रंश वाढत गेला. आधी गॅस बंद करायचं विसरली. मग गल्ली विसरली. मग माणसं. माझं नाव कधी गेलं ते मला नेमकं सांगता येईल. मागच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी आदबीनं विचारलं, "आपण कुणाकडच्या?" जिनं नाव ठेवलं तिलाच मी माझं नाव सांगितलं. "छान आहे," ती म्हणाली. "कुणी ठेवलं?"

असो.

संध्याकाळ झाली की तिची घालमेल सुरू व्हायची. दाराशी जायचं, कडी काढायची, 'घरी जायचंय' म्हणायचं. तिला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी एक गोष्ट हेरली. आत्या टॉवेलची गुंडाळी करून ती खांद्याला लावते आणि थोपटत बसते, आणि तेवढा वेळ दाराकडे जात नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाहुली देऊन बघा. घेतली तर घेतली. आग्रह करू नका."

याला डॉल थेरपी म्हणतात. परदेशात बऱ्याच ठिकाणी वृद्धांच्या केअर होममध्ये ती वापरली जाते. काही माणसं शांत होतात, काही ढुंकूनही बघत नाहीत. त्यावरचे अभ्यास आहेत, पण बहुतेक छोटे. आणि तिच्यावर आक्षेपही आहे. म्हाताऱ्या माणसाला लहान मूल समजून त्याच्या हातात खेळणं द्यायचं, हा त्याचा अपमान नाही का?

हा आक्षेप आमच्या घरात आईनं घेतला. आत्या तिची नणंद. दोघींचं फार गूळपीठ कधीच नव्हतं, त्यामुळे ती असं बोलेल ही माझी अपेक्षा नव्हती. "ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या लाखांच्या व्यवहारांवर सह्या केल्या," आई म्हणाली, "तिच्या हातात तू बाहुली देणार? उद्या शेजारचे बघून हसतील. मला चालणार नाही."

मी आणलीच. मावशींच्या सूचना दोनच होत्या. रडण्याचा आवाज काढणारी नको आणि मिटल्या डोळ्यांची नको. कुणाला झोपलेलं बाळ बघून काळजी वाटू लागते, कुणाच्या मनात त्याहून वाईट येतं. बाहुली नुसती कॉटवर ठेवली. 'ही बाहुली' असंही म्हटलं नाही आणि 'हे बाळ' असंही नाही. काय म्हणायचं ते आत्यानं ठरवायचं.

तिनं दोन दिवस लक्षच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उचललं, न्याहाळलं, आणि मावशींना म्हणाली, "पाहुणे आलेत. दूध तापवा."

तेव्हापासून ते 'पाहुणे'. कुणाचं बाळ, मुलगा की मुलगी, काही नाही. पाहुणे!

*

आता खरी गोष्ट सुरू होते. पाहुण्यांच्या अंगात गुलाबी नायलॉनचा झगा होता, जाळीचा, मागे वेल्क्रोची पट्टी लावलेला. आत्या दिवसभर त्या जाळीत बोट घालून ती ओढत बसायची. "टोचतंय त्याला." "थंडी वाजेल." एकदा झगा काढून टाकला आणि स्वतःच्या पदरात पाहुण्यांना गुंडाळून बसली. पदर सोडेना, जेवायला उठेना.

म्हणजे पाहुण्यांना कपडे हवेत. आणि आमच्या घरात बाळाचे कपडे जिथून यायचे, तो कारखाना आता बंद पडला होता.

मला क्रोशातलं येत होतं ते म्हणजे शाळेत शिकवलेली साखळी. पण आत्याची वही होती. वही म्हणजे बँकेची १९८१ सालची डायरी. ती उघडली आणि मला हसूच फुटलं. बाईनं विणकामाचंही लेजर ठेवलं होतं! प्रत्येक पानावर तारीख, कुणाचं बाळ, लोकर किती, सुई कुठली, टाके किती. आणि शेवटचा रकाना 'शेरा'. 'गळा घट्ट झाला. पुढच्या वेळी ४ साखळ्या जास्त.' 'मोजे पायात राहत नाहीत, नाडी घालणे.' 'बाळाच्या आजीस रंग पसंत नाही.' वगैरे.

त्यातली भाषा मात्र इतकी सोपी की मी एका वीकेंडला शिकले. साखळी म्हणजे साखळी. सगळ्यात बुटका तो मुका खांब, मग अर्धा खांब, मग खांब. नाव वाचलं की डोळ्यांसमोर आकार उभा राहतो. याची किंमत मला नंतर कळली. ऑफिसमधल्या एकानं अमेरिकेहून बाहुल्यांच्या कपड्यांचं पॅटर्नचं पुस्तक आणून दिलं, आणि आधीपासून माझ्याकडे एक ब्रिटिश पुस्तक होतं. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याला ब्रिटिश म्हणतात डबल. अमेरिकेचा डबल तो ब्रिटनचा ट्रेबल! म्हणजे पुस्तक कुठल्या देशाचं हे बघितलं नाही, तर झबलं विणायला बसायचं आणि परकर तयार व्हायचा. शेवटी दोन्ही पुस्तकं मिटली आणि डायरीच उघडली.

डायरीतली मापं अर्थात खऱ्या बाळाची होती. नुकत्या जन्मलेल्या बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर. पाहुणे ४०. मी इंजिनीअर आहे, मला वाटलं, यात काय कठीण? चाळीस भागिले पन्नास. सगळं ८० टक्के करायचं, झेरॉक्सच्या मशिनवर करतात तसं.

आणि ८० टक्के करायची एक मस्त युक्तीही सापडली. टाके मोजायचेच नाहीत! आत्याच्या नेहमीच्या लोकरीनं आणि ४ मिलिमीटरच्या सुईनं १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब बसतात. मी बारीक लोकर घेतली, ३ मिलिमीटरची सुई घेतली, आणि एक छोटा चौकोन विणून पट्टीनं मोजला. १० सेंटिमीटरमध्ये २० खांब. म्हणजे तेवढ्याच टाक्यांचं काम आपोआप ८० टक्के होणार. आत्याच्या अंगड्याची छाती ६६ खांबांची, म्हणजे तिच्या लोकरीत ४१ सेंटिमीटर. माझ्या लोकरीत तीच ३३. पाहुण्यांची छाती २८. बघा, मापाचं आणि वर थोडं सैल. पॅटर्नमधला एकही आकडा बदलायचा नाही, फक्त सुई-लोकर बदलायची.

बारीक लोकरीचा आणखी एक फायदा. जाड लोकरीत छोटा कपडा विणला की तो वळतच नाही, गोधडीच्या तुकड्यासारखा अंगावर उभा राहतो. बाहुली चिलखत घातल्यासारखी दिसते.

घरात जाडच लोकर उरली असेल, तर मात्र टाके कमी करावे लागतात, आणि तिथे एक मेख आहे. ६६ चे ८० टक्के म्हणजे जवळजवळ ५३. पण नक्षी सहा-सहा टाक्यांच्या शिंपल्यांची असेल, तर ५३ टाक्यांत शेवटचा शिंपला अर्धाच बसतो. तेव्हा ५४ घ्यायचे, बरोबर नऊ शिंपले. एखादा टाका इकडे-तिकडे चालतो, अर्धा शिंपला चालत नाही.

*

अंगडं झालं. मग टोपडं. डायरीत लिहिलं होतं, '१२ खांब, २४, ३६, ४८. मग न वाढवता ७ ओळी.' म्हणजे मधून सुरुवात करून चार फेऱ्यांत गोल चकती करायची, मग वाढ थांबवायची की कडा खाली वळते आणि वाटी तयार होते. मी इमानेइतबारे केलं, रविवारी दुपारी घेऊन गेले, आणि पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवलं.

ठेवलं असंच म्हणायला हवं. कारण बसलं नाही. टाळूवर इडलीसारखं राहिलं.

मी चक्रावले. ८० टक्के म्हणजे ८० टक्के ना? मग शेवटी टेप काढून डोक्याचा घेर मोजला, जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. पाहुण्यांचा निघाला ३२! उंची ८० टक्के, पण डोकं ९४ टक्के.

याचं कारण आहे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९४३ साली मांडलं होतं की मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल असं काही दिसलं की आपल्याला आपसूक माया येते. माणसाचं पिल्लू असो, नाहीतर कुत्र्याचं. बाहुल्या बनवणारे तेच वाढवून ठेवतात. म्हणजे बाहुली ही बाळाची झेरॉक्स नसते. ती मायेच्या मापानं वाढवलेलं बाळ असते, आणि टोपडं विणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते!

मी कॉटवर बसून आकडेमोड करत होते. आत्या खुर्चीत. तिनं माझ्या हातातलं टोपडं घेतलं. आधी उलटं केलं. आत्या विणकाम नेहमी उलट्या बाजूनं बघायची, गाठी कशा मारल्यात ते. मग चकतीच्या फेऱ्यांवरून अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. आणि म्हणाली,

"एक वाढ कमी पडली."

बस, एवढंच. मग टोपडं परत माझ्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मी हिशेब केला. आणखी एक वाढीची फेरी म्हणजे ६० खांब. २० ला १० सेंटिमीटर, तर ६० ला ३०. लोकर ताणते म्हणून टोपडं डोक्यापेक्षा थोडं लहानच ठेवतात. ३२ च्या डोक्याला ३० चं टोपडं, अगदी बरोबर. मला कॅल्क्युलेटर लागला. तिला अंगठा पुरला. सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नव्हतं.

हे जादूचं नाही, हे मला नंतर वाचून कळलं. हातांनी शिकलेल्या गोष्टी मेंदू वेगळ्या पद्धतीनं साठवतो. नावं, तारखा, प्रसंग आधी जातात. सायकल, पोळी लाटणं, विणकाम हे बऱ्याचदा त्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. जास्त दिवस, कायम नाही.

त्या रात्री मी डायरी पहिल्या पानापासून वाचून काढली, आणि एका पानावर थबकले. तारीख माझ्या बारशाची. 'बाळ: वहिनीचं. लोकर: पिवळी. टाके: नेहमीप्रमाणे.' आणि शेरा: 'डोकं मोठं! टोपडं बसलं नाही. पुन्हा विणलं, एक वाढ जास्त घेऊन.'

म्हणजे उत्तर माझ्याच पानावर होतं.

*

टोपड्याचं मिटलं, पण अंगडं घालायला गेले आणि नवीनच रामायण. खऱ्या बाळाला बाही कशी घालतात? बाहीतून आपण हात आत घालतो, बाळाची मूठ धरतो आणि हळूच बाहेर ओढतो. बाळाचा हात वळतो, मूठ मिटते. पाहुण्यांचा हात प्लॅस्टिकचा, कोपरात न वळणारा, आणि पाचही बोटं फाकलेली. मनगट ८ सेंटिमीटर, पण बोटांसकट पंजा १२. आणि मी बाहीच्या टोकाला आत्याच्या पद्धतीप्रमाणे टाके कमी करून छान घट्ट पट्टी केलेली! शिवाय नक्षीला भोकं. प्रत्येक भोकात एकेक बोट अडकायचं.

मग बाही उसवली. टोकाला टाके कमी केले नाहीत, सरळ ठेवली. जाळीची नक्षी काढून भरीव खांब घेतले. आणि एक आयडिया तुम्हालाही देऊन ठेवते. बाहुलीच्या पंजावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, बाही सर्रकन वर जाते, मग पिशवी ओढून घ्यायची.

दोन्ही पुस्तकांचा सल्ला होता की बाहुलीचे कपडे मागून उघडे ठेवा. पालथं घातलं, हात सरकवले, मागे बंद केलं, काम झालं. मी तसंच केलं. मागे उघडं अंगडं, आणि तीन टपोरी बटणं.

आत्यानं ते हातात घेतलं आणि तिचे हात अडले. ती पाहुण्यांना मांडीवर घ्यायची ते उताणं, तोंड आपल्याकडे, मानेखाली डावा हात. पालथं घालायचं हे तिच्या हातांना मान्यच नव्हतं. एवढ्याशा बाळाला कुणी पालथं घालून कपडे घालतं का? ती अंगडं फिरवून फिरवून बघत राहिली, उघडी बाजू पुढे घेतली, तर गळा मागे गेला. मग चिडली. मग अंगडं जमिनीवर आणि पाहुणेही जमिनीवर. त्या संध्याकाळी ती पुन्हा दाराच्या कडीशी होती.

घरी परतताना मला कळलं की मी तिघांच्या गोष्टीत दोघांचंच माप घेतलं होतं. बाळाचं माप डायरीत होतं, बाहुलीचं मी टेपनं घेतलं. पण कपडे घालणार होती आत्या. थरथरणारी बोटं, दहा मिनिटांत थकणारे हात, आणि आयुष्यभराची एक सवय. ते माप मी घेतलंच नव्हतं.

तिसरं अंगडं मग त्या मापाचं केलं. समोरून उघडं, कारण तिचे हात समोरून घालतात. बाह्या पुस्तकापेक्षा दीडपट रुंद, दिसायला जरा बेंगरूळ, पण एका झटक्यात जाणाऱ्या. बटणं काढून टाकली. ती तिच्या बोटांना लागत नव्हती, आणि अशा आजारात माणूस कधी काय तोंडात घालील याचा नेम नसतो. बटणांऐवजी फक्त दोन आखूड, रुंद बंद, एक गळ्याशी आणि एक पोटाशी. मणी नाही, मोती नाही, सुटी लेस नाही. गंमत बघा, खऱ्या बाळाच्या कपड्यांचे नियम तरी दुसरे काय असतात?

रविवारी अंगडं तिच्या शेजारी ठेवलं आणि आम्ही लांब बसलो. आई भाजी निवडत होती. आत्यानं अंगडं उलटं करून बघितलं. सुलटं केलं. पाहुण्यांना मांडीवर घेतलं, मानेखाली हात, उजवी बाही, डावी बाही. बंद बांधायला तिला पाच मिनिटं लागली. आईचा हात दोनदा मदतीला पुढे झाला आणि दोनदा मी तो धरला. गाठ बसली. मग टोपडं. ते कानांपर्यंत खाली आलं. तिनं कडा एकदा दुमडली आणि थोपटायला सुरुवात केली.

आईला राहवलं नाही. "ताई," ती म्हणाली, "अहो, ती बाहुली आहे. तुम्हाला कळतंय ना?"

मला वाटलं, झालं! सगळ्या मेहनतीवर पाणी. असं तोंडावर सांगायचं नसतं.

आत्यानं पाहुण्यांकडे बघितलं. मग आईकडे. तिचा तो जुना, कॅशियरनं चुकीची स्लिप पुढे केल्यावरचा चेहरा.

"बाहुली आहे म्हणून काय उघडी ठेवायची?"

आई काही बोलली नाही. भाजी निवडून झाली, ताट आत गेलं, कुकरची शिट्टी झाली. मग ती दाराशी येऊन मला म्हणाली, "पायही उघडेच आहेत त्याचे. मोजे का नाही केलेस?"

*

तुम्हाला शेवट गोड हवा असेल, तर इथेच थांबा. कारण आत्या बरी झालेली नाही, होणारही नाही. काही संध्याकाळी पाहुणे तिच्या खांद्यावर असतात आणि घर शांत असतं. काही संध्याकाळी ती त्यांना ओळखत नाही, आणि कडीशी जाते. तेव्हा आम्ही पाहुण्यांना कपाटात ठेवतो आणि तिला गच्चीवर फिरवतो. माझं नाव तिला आठवलेलं नाही. मी दर रविवारी सांगते, तिला ते दर रविवारी आवडतं.

आईचं म्हणणं चूक होतं असंही मी म्हणणार नाही. नुसती बाहुली हातात कोंबून 'खेळत बसा' म्हटलं असतं, तर तो अपमानच झाला असता. पण आता दर रविवारी मी नवीन काहीतरी विणून नेते, ती उलटं करून तपासते आणि बहुतेक वेळा नापास करते. तिच्यासमोर बसलेली मी तिची ज्युनिअर असते.

ऑफिसमध्ये आता सवय झालीय. टीम लीडनं माझं नाव रिलीजच्या यादीत परत वर घेतलं, तेवढं एक नुकसान झालं! बसमध्ये शेजारी बसणारी ती मुलगी चक्क साखळी शिकलीय. परवा एका नवीन जॉइन झालेल्या मुलानं मोज्याकडे बघून "अभिनंदन मॅम!" म्हटलं, तर तिनंच परस्पर सांगून टाकलं, "अरे, त्यांच्या आत्याकडे पाहुणे आलेत."

मोजे पूर्ण झाल्यावर मी १९८१ ची डायरी काढली. मागची चार-पाच पानं कोरी होती. तिच्याच रकान्यांत लिहिलं. बाळ: पाहुणे. लोकर: पिवळी, बारीक. सुई: ३. टोपडं: १२, २४, ३६, ४८, ६०. अंगडं: समोरून उघडं, बाही सैल, बटणं नाहीत.

शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवलाय. तो भरायचा अधिकार माझा नाही. रविवारी मोजे घेऊन जाते आणि विचारून येते.